रेंज गेली तरी निरोप पोहोचावा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रवासात शेजारी बसलेला अनोळखी माणूस पूर्वी विचारायचा, ‘कुठलं स्टेशन गेलं हो?’ आता तो विचारतो, ‘तुमच्या फोनला रेंज आहे का?’ आपण आपला फोन बघतो, नकारार्थी मान हलवतो आणि मग दोघेही खिडकीबाहेर बघत बसतो. कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली, कोकण रेल्वे बोगद्यात शिरली किंवा एसटी आंबा घाटातली वळणे घेऊ लागली की हा संवाद हमखास होतो.

एके काळी रेंज जाण्याने फारसे बिघडत नसे. गप्पा अर्धवट राहत, एखादे गाणे मध्येच अडकत असे, इतकेच. आज तिकीट फोनमध्ये असते, पैसे फोनमध्ये असतात, गाडी कुठवर आली हे घरची माणसे फोनवर बघत असतात. बसमधले संकटाचे बटण दाबले तर त्याचा संदेशही मोबाइलच्या जाळ्यातूनच जातो. चालत्या गाडीतली रेंज हा आता नुसत्या करमणुकीचा प्रश्न राहिलेला नाही. म्हणूनच ती का तुटते आणि तुटली तरी काम कसे चालवता येते, हे आपण जरा नीट समजून घेऊ.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. चालत्या वाहनात धागा अधूनमधून तुटणारच, असे धरून जी व्यवस्था आखली जाते ती टिकते. धागा तुटणारच नाही असे समजून आखलेली व्यवस्था नेमकी गरजेच्या वेळी दगा देते.

हातोहात जाणारी कळशी

मोबाइलचा प्रत्येक टॉवर आपल्या भोवतालचा ठरावीक भाग सांभाळतो. या भागाला ‘सेल’ म्हणतात आणि त्यावरूनच ‘सेल्युलर फोन’ हे नाव आले. एकच मोठा टॉवर उभारण्याऐवजी प्रदेशाचे लहान लहान भाग पाडायचे आणि त्याच त्या लहरी दूरदूरच्या भागांत पुन्हा वापरायच्या, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली मांडली गेली. आपण एका भागातून दुसऱ्यात गेलो की पहिला टॉवर आपले संभाषण दुसऱ्याच्या हाती देतो. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून पाण्याची कळशी हातोहात पुढे द्यावी, तसे हे आहे. पुढच्या माणसाने कळशी धरल्याशिवाय मागच्याने सोडायची नाही, हा त्यातला नियम.

आता वेगाचा हिशेब बघा. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती मिनिटाला सुमारे १ किलोमीटर ६७० मीटर अंतर कापते. एका टॉवरच्या टापूतला मार्ग चार किलोमीटरचा धरला, तर तो अडीच मिनिटांच्या आतच संपतो. म्हणजे दर दोन-अडीच मिनिटांनी कळशी एका हातातून दुसऱ्या हातात जाणार. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे हे आणखी लवकर होते. पुढचा हात वेळेवर आला तर आपल्याला काही कळतही नाही. तो आला नाही, तर कळशी फुटते.

घोडे पेंड कुठे खाते?

बरेच जण मला म्हणतात, ‘गाडी फार वेगात असते ना, म्हणून नेट तुटते.’ हे कारण ऐकायला पटते, पण त्यात फारसे तथ्य नाही. शिट्टी देत येणारे इंजिन आपल्याला ओलांडून गेले की शिट्टीचा सूर उतरतो. रेडिओलहरींच्या बाबतीतही तसेच होते. ताशी १३० किलोमीटर वेगाच्या गाडीत १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीत पडणारा हा फरक सव्वादोनशे हर्ट्‌झच्याही आत राहतो. ‘फोर-जी’मध्ये शेजारशेजारच्या लहरींत १५,००० हर्ट्‌झचे अंतर ठेवलेले असते, त्यापुढे हा फरक किरकोळ आहे. ताशी ३५० किलोमीटर वेगातही जोडणी टिकावी, अशाच बेताने हे तंत्र आखलेले आहे.

मग घोडे पेंड कुठे खाते? पहिली जागा म्हणजे डोंगर. रेडिओलहरी कातळातून आरपार जात नाहीत. सह्याद्रीत लोहमार्ग खोल खोदलेल्या कटिंगांतून जातो आणि टॉवर असतो डोंगराच्या पलीकडच्या गावात. घाटात वस्ती नाही म्हणून ग्राहक नाही, ग्राहक नाही म्हणून टॉवर नाही, असा हा साधा व्यवहार आहे. प्रवासी मात्र तिथूनच रोज हजारोंनी जातात.

दुसरी जागा म्हणजे खुद्द आपला डबा. धातूची पेटी लहरींना अडवते, त्या आत येतात त्या मुख्यतः खिडक्यांतून. वातानुकूलित डब्याच्या खिडक्या बंद असतात आणि ऊन परतवण्यासाठी काचेवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असेल, तर तीही वाट अडते. डबा आणि काच मिळून लहरीची ताकद शंभर पटींनी सहज कमी करतात. जर्मनीच्या रेल्वेने यावर एक गमतीशीर उपाय केला. काचेवरच्या धातूच्या थरात लेसरने अतिशय बारीक रेघा कोरल्या. ऊन अडते आणि मोबाइलच्या लहरी मात्र आत येतात. तिथल्या नव्या वेगवान गाड्यांना अशा काचा बसवलेल्या आहेत.

तिसरी जागा म्हणजे गर्दी. भरलेली गाडी नव्या टॉवरच्या टापूत शिरते, तेव्हा शेकडो फोन एकाच क्षणी त्याचे दार ठोठावतात. लग्नात एकदम पंगत बसावी आणि वाढपी दोनच असावेत, अशी त्या टॉवरची गत होते. फोनवर रेंजच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, पण पान काही उघडत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. पट्ट्या लहरीची ताकद दाखवतात, आपल्या वाट्याला किती आले ते दाखवत नाहीत.

ताकही फुंकून पिणारा

बोगदा संपला, पट्ट्या परत आल्या, तरी फोन आणखी काही वेळ गप्पच राहतो, हेही आपण अनुभवतो. याचे कारण जुने आहे आणि मला ते नेहमीच मनोरंजक वाटते.

इंटरनेटवर कुठलाही मजकूर लहान लहान पाकिटे करून पाठवला जातो. पाकीट पोहोचले की पलीकडून पोच येते. पोच आली नाही तर पाठवणारा पाकीट पुन्हा पाठवतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत एक प्रकार घडला. बर्कली येथील एक प्रयोगशाळा आणि विद्यापीठ या जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमध्ये डेटाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. जाळ्यात कोंडी झाली होती. पोच येत नाही म्हणून सगळे जण तीच तीच पाकिटे पुन्हा पाठवत होते आणि कोंडी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी यावर तोड काढली आणि १९८८ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाकीट हरवले तर पुढे कोंडी आहे असे समजायचे आणि आपला वेग कमी करायचा. पोच येईचना, तर थांबण्याची वेळ दर खेपेला दुप्पट करायची. आधी एक सेकंद, मग दोन, चार, आठ, सोळा, असे.

तारेतून चालणाऱ्या जाळ्याला या शिस्तीने वाचवले. पण बोगद्यात पाकीट हरवते ते कोंडीमुळे नाही. तिथे रस्ताच नसतो. पाठवणारा मात्र दुधाने तोंड पोळलेला, तो ताकही फुंकून पितो. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो ओलांडायला पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ही दुप्पट होत जाणारी थांब एक-दोन मिनिटांवर जाऊन पोहोचू शकते. गाडी उजेडात आली तरी पलीकडचा अजून घड्याळ बघत बसलेला असतो.

याच्याच जोडीला ओळखीचा घोटाळा आहे. जाळे बदलले की आपल्या फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलू शकतो. जुन्या पद्धतीत पत्त्यालाच ओळख मानत, त्यामुळे पत्ता बदलला की संभाषण मुळापासून पुन्हा सुरू करावे लागे. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ नावाच्या पद्धतीत प्रत्येक जोडणीला स्वतःचा क्रमांक असतो. घर बदलले तरी माणूस तोच, हे तिला कळते.

तुटूच नये म्हणून

अभियंत्यांचा पहिला प्रयत्न साहजिकच धागा तुटू न देण्याचा असतो. बोगद्यांसाठी एक खास केबल मिळते. तिच्या वेष्टनाला ठरावीक अंतरांवर बारीक फटी ठेवलेल्या असतात. ठिबक सिंचनाच्या नळीतून जसे थेंब थेंब पाणी झाडाच्या मुळाशी पडते, तशा या केबलमधून रेडिओलहरी सबंध बोगद्यात पाझरत राहतात. भुयारी मेट्रोसाठी हा उपाय जगभर वापरला जातो. तो खात्रीचा आहे, पण मीटरमीटरला पैसे मोजावे लागतात.

दुसरा उपाय गाडीच्या टपावर करतात. टपावर चांगला अँटेना बसवायचा, त्याला वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे जोडायची आणि डब्यात वाय-फाय द्यायचे. एका कंपनीचा टॉवर डोंगराच्या अलीकडे असतो, दुसरीचा पलीकडे. दोन्ही दोर हातात असले की एक तुटला तरी दुसऱ्यावर भागते. शिवाय डब्याच्या धातूचा अडसर टळतो आणि शेकडो फोनांऐवजी एकच यंत्र टॉवरचे दार ठोठावते.

तिसरा उपाय आकाशातून, म्हणजे उपग्रहातून. आपल्या रेल्वेने हावडा राजधानीत तो करून पाहिला. पण भांडवली खर्च मोठा, दर महिन्याची बिले चालूच आणि प्रवाशांच्या वाट्याला येणारा वेगही अपुरा, अशा कारणांनी तो बंद केल्याचे २०२१ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. रेल्वेचे जे पाऊल टिकले ते वेगळेच होते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू झाले. त्यातला गूगलचा सहभाग २०२० मध्ये आवरता घेण्यात आला, पण रेलटेलने काम पुढे चालू ठेवले आणि आज सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ही सोय आहे.

धावत्या गाडीत जे परवडले नाही, ते थांबलेल्या गाडीला फलाटावर देता आले. वाटेवर जागोजागी पाणपोया असाव्यात, तशी ही सोय आहे. आणि सबंध रस्ताभर नळ टाकता येत नसेल, तर पाणपोईवर तांब्या भरून घेणे हाच शहाणपणा. याच विचारातून एक वेगळी वाट निघाली.

डाक घेऊन जाणारी बस

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधील अ‍ॅलेक्स पेंटलँड, रिचर्ड फ्लेचर आणि अमीर हसन यांनी जानेवारी २००४ मध्ये एका प्रयोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रयोगाचे नाव ‘डाकनेट’. नाव आपल्याकडचे आणि जागाही आपल्या शेजारची, कर्नाटकातील बंगळूरजवळचे दोड्डबळ्ळापूर. कर्नाटक सरकारने ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या होत्या. पण आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा हवा असेल, तर शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागत. खेड्यांत इंटरनेट नव्हते. सरकारी बस मात्र रोज जात होती.

मग बसवरच एक छोटे वाय-फाय यंत्र आणि साठवणीची सोय बसवली. गावातल्या संगणक केंद्रात लोकांचे अर्ज गोळा होत. बस गावाजवळ आली की अर्ज आपोआप बसमधल्या यंत्रात उतरत. बस तालुक्याला पोहोचली की ते तिथल्या संगणकात जात आणि उत्तरे पुढच्या फेरीत परत येत. चालकाने किंवा वाहकाने कसलेही बटण दाबायचे नव्हते. एका भेटीत बस आणि केंद्र यांची गाठ सरासरी २ मिनिटे ३४ सेकंद पडत असे आणि तेवढ्यात सरासरी २०.९ मेगाबाइट मजकूर एका दिशेने जात असे. हजारो अर्जांना ते पुरून उरेल. इथे बस ही इंटरनेटची ग्राहक राहिली नव्हती, ती स्वतःच इंटरनेटची तार झाली होती. जगाच्या दुसऱ्या भागात, कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतात, हेच काम मोटारसायकलींनी केले आणि तिथल्या दुर्गम शाळांना ई-मेल मिळाली.

शहरातल्या प्रयोगाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. रस्त्यालगतच्या वाय-फायचा टापू दोनशे मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची टॅक्सी तो बारा सेकंदांत ओलांडते. आणि नेहमीच्या पद्धतीने वाय-फायला जोडून घ्यायलाच दहा सेकंदांहून अधिक लागत. म्हणजे ‘नमस्कार, कसे आहात’ म्हणेपर्यंत निघायची वेळ! एमआयटीच्याच संशोधकांनी २००८ मध्ये दोन गोष्टी केल्या. जोडून घेण्याचे सोपस्कार कमी करून तो वेळ अर्ध्या सेकंदाच्याही आत आणला. आणि वर सांगितलेली ‘फुंकून पिण्याची’ सवय मोडण्यासाठी कोंडीमुळे हरवलेले पाकीट कोणते आणि हवेत विरलेले कोणते, हे ओळखणारी पद्धत बनवली. बोस्टन परिसरातल्या दहा टॅक्सींवर चाचणी घेतली, तेव्हा प्रत्येक टॅक्सीमागे तासाला सरासरी ३८ मेगाबाइट डेटाची ने-आण झाली. सिनेमा बघायला ते अपुरे आहे. पण रस्त्यावरची वाहतूक, इंजिनाची स्थिती, नकाशे यांसाठी पुरेसे आहे.

हाच विचार अवकाशातही गेला आहे. ग्रहामागे गेलेल्या यानाशी संपर्क तुटणार हे ठरलेलेच असते. म्हणून तिथेही प्रत्येक टप्प्यावर संदेश जपून ठेवायचा आणि वाट मोकळी झाली की पुढे धाडायचा, अशी पद्धत वापरतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ती २०१६ पासून वापरात आली. आपल्या टपाल खात्याने हेच काम पिढ्यानपिढ्या केले आहे. पूर आला म्हणून पोस्टमन पत्र फेकून देत नाही, ते पिशवीत ठेवतो.

दोघेही खरे बोलत असतात

साठवून पाठवण्याची ही युक्ती निरोपाला चालते. पैशाचे मात्र वेगळे आहे, आणि आज चालत्या गाडीत सर्वाधिक खटके उडतात ते पैशावरूनच.

प्रसंग ओळखीचा आहे. वाहकाकडच्या क्यूआर कोडवर प्रवाशाने पैसे भरले. तेवढ्यात बस वळणावर गेली आणि रेंज गेली. प्रवासी म्हणतो, ‘माझ्या खात्यातून पैसे गेले.’ वाहक म्हणतो, ‘माझ्याकडे आले नाहीत.’ आवाज चढतात, बाकीचे प्रवासी बाजू घेतात. दोघांपैकी कुणीतरी खोटे बोलतो आहे असे सगळ्यांना वाटते, आणि प्रत्यक्षात दोघेही खरे बोलत असतात.

संगणकशास्त्रात याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणतात. दोन टेकड्यांवर एकाच सैन्याचे दोन सेनापती आहेत, मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. पहिला निरोप्या पाठवतो, ‘पहाटे हल्ला करू.’ निरोप्या पोहोचला की मारला गेला, हे त्याला कळत नाही. दुसरा पोच पाठवतो, पण ती पोच पोहोचली का, हे त्यालाही कळत नाही. मग पोचेची पोच, तिची पुन्हा पोच. शेवटच्या निरोपाबद्दलची शंका कधीच संपत नाही. वाट बेभरवशाची असेल तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी पक्की खात्री मिळणे अशक्य आहे, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. बसमधले ते दोघे दोन टेकड्यांवर उभे असतात.

खात्री अशक्य असली तरी नुकसान टाळता येते. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात. तोच निरोप दहा वेळा पोहोचला तरी पैसे एकदाच वळते होतात आणि चौकशी केली की त्या क्रमांकाचे काय झाले ते कळते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याबाबत मुदतीही ठरवून दिल्या. यूपीआयने दुकानदाराला किंवा सेवेसाठी पैसे भरले, खात्यातून वजा झाले, पण समोरच्याला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत मिळायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची आहे. म्हणून ‘पैसे गेले पण पोहोचले नाहीत’ असे दिसले की लगेच दुसऱ्यांदा भरू नये. आधी व्यवहाराची स्थिती तपासावी.

यापेक्षा चांगला उपाय म्हणजे गाडीत खात्री मागण्याची वेळच येऊ न देणे. एसटीच्या वाहकांच्या हाती तिकीट छापणारी यंत्रे आली, तेव्हा त्यांची रीत हीच होती. तिकीट जागेवर छापायचे, हिशेब यंत्रात साठवायचा आणि आगारात गेल्यावर तो उतरवून घ्यायचा. मार्च २०१९ मध्ये आलेल्या ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डा’चा विचारही तोच आहे. रक्कम कार्डातल्या चिपमध्येच नोंदलेली असते, यंत्राला कार्ड लावले की त्यातून भाडे वजा होते आणि बँकेशी हिशेब नंतर जुळतो. घाटातल्या मार्गांवर अशी सोय असणे ही चैन मानू नये. रोख पैसे नसलेल्या, फोनची बॅटरी संपत आलेल्या प्रवाशाची अब्रू तिच्यावर अवलंबून असते.

जे थांबू शकत नाही

काही संदेश मात्र थांबूच शकत नाहीत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षांसारखी वाहने वगळता, ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटाच्या वेळी दाबायचे बटण बंधनकारक झाले. त्यासाठीचे ‘एआयएस १४०’ हे मानक वाचताना मला त्यातला एक भाग फार मोलाचा वाटला. रेंज नसेल तेव्हा यंत्राने आपला ठावठिकाणा स्वतःजवळ नोंदवून ठेवायचा, किमान ४०,००० नोंदी मावल्या पाहिजेत. दर दहा सेकंदांनी एक नोंद धरली तरी चार दिवसांहून अधिक काळाचा हिशेब राहतो. रेंज आली की तो पाठवायचा. संकटाच्या बटणासाठी मात्र नियम वेगळा आहे. इंटरनेट मिळत नसेल तर तो इशारा एसएमएसने पाठवायचा.

हा फरक आपणही शिकण्यासारखा आहे. बस दुपारी कुठे होती, ही माहिती उशिरा आली तरी चालते. ‘मदत हवी’ हे उशिरा पोहोचून चालत नाही. आणि एसएमएस इथे कामी येतो, कारण तो लहानसा असतो, त्याला इंटरनेटची जोडणी लागत नाही आणि क्षणभर मिळालेल्या क्षीण रेंजमध्येही तो निसटून जातो. पलीकडचा फोन बंद असेल तर तो मधल्या केंद्रात थांबून राहतो. म्हणजे इथेही पोस्टमनचीच रीत.

पण जिथे काहीच रेंज नाही, तिथे बटण आणि एसएमएस दोन्ही मुके होतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून घाटातले असे टापू माहीत असणे आणि ते भरून काढण्याचा आग्रह धरणे गरजेचे आहे. ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यायचे आहेत. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरचा उपयोग एकाहून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना व्हावा, ही सोयही जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. ज्या घाटरस्त्यावरून रोज एसटी जाते, तिथे एक टॉवर सगळ्यांनी मिळून वापरला तर बरेच साधेल. आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागायच्या गोष्टींच्या यादीत हेही असू द्यावे.

आपल्या हातात काय आहे?

थोड्या गोष्टी आपल्यालाही करता येतात. तिकीट, पत्ता, नकाशा, रुग्णाचे कागद असे जे लागणार आहे ते निघण्यापूर्वी किंवा स्थानकावर असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवावे. थोडी रोख रक्कम जवळ असावी. लांब घाटात फोन रेंज शोधण्यासाठी सारखी पूर्ण ताकद लावतो आणि बॅटरी संपवतो, तेव्हा तेवढा वेळ एअरप्लेन मोड चालू ठेवावा. घाट संपल्यावर तो बंद केला की फोन नव्याने टॉवर शोधतो आणि मघाशी सांगितलेली मुकी थांबही बऱ्याचदा टळते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपण नकाशावर कुठे आहोत हे फोनला उपग्रहांकडून कळते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. आधी उतरवलेला नकाशा असेल तर रेंज नसतानाही जागा सांगता येते. दुसरे म्हणजे फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशी अक्षरे दिसली, तर आपल्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुणाची तरी आहे, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी ११२ क्रमांक फिरवून बघावा.

आणि निघताना घरी सांगून ठेवावे, ‘आता घाट लागेल, दीड तास फोन लागणार नाही, उतरल्यावर करतो.’ फोन लागला नाही की आता पाच मिनिटांत घरच्यांच्या मनात नाही नाही ते येऊ लागते. तुटणार हे दोन्ही बाजूंना आधी ठाऊक असले, की घाटातला तो दीड तास घरच्यांना सुखाने काढता येतो. आणि दीड तासाचे दोन तास झाले, तर चौकशी कधी सुरू करायची हेही त्यांना कळते.